गोष्टीतल्या बाईचं औषध

१० ऑक्टोबर १९३३, मंगळवार

ही वही यल्लय्याच्या सांगण्यावरून आणली. यल्लय्या माझा कंपाउंडर.

काल दवाखान्याच्या नोंदवहीत एका विणकराच्या नावापुढे मी लिहिलं : खोकला, आठ दिवस. ताप नाही. बायकोशी बोलत नाही. यल्लय्या वही घेऊन आत आला.

"डॉक्टर, बायकोशी बोलत नाही, याला कुठला औषध देऊ?"

"ते औषधासाठी नाही."

"मग वेगळ्या वहीत लिवा की. ही वही उद्या दुसऱ्या डॉक्टरला वाचायला लागेल."

दुसरा डॉक्टर कोण, ते मी विचारलं नाही. साखर पेठेच्या या टोकाला दुसरा डॉक्टर नाही.

वही कोरी आहे, म्हणून पहिल्या पानावर स्वतःविषयी थोडं. वय एक्केचाळीस. वडील करमाळ्याला मामलेदार कचेरीत कारकून होते. मी डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा. माझी इच्छा कोणी विचारली नाही, आणि विचारली असती तरी मला ती तेव्हा ठाऊक नव्हती. हा दवाखाना उघडून बारा वर्षं झाली. खाली दवाखाना, वर मी आणि बायको द्वारका. यल्लय्या आधी मागावर होता. छाती खराब झाली तेव्हा रोगी म्हणून आला, बरा झाला आणि राहिला. त्यालाही आता दहा वर्षं होतील. त्याची बायको सुंदरम्मा अजून विणते.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका मासिकाने माझ्या दोन गोष्टी छापल्या. या जूनपासून कादंबरी छापतात, दर महिन्याला एक प्रकरण, टोपणनावाने. गोष्टी रचणाऱ्या डॉक्टरपुढे नाडी दाखवायला हात पुढे कोण करील? द्वारकेला ठाऊक आहे. दुसऱ्या कोणालाही नाही.

२४ ऑक्टोबर

दोन रोग्यांच्या मधल्या वेळात लिहितो. कागद नोंदवहीखाली ठेवतो. रोगी आला की नोंदवही वर. यल्लय्याच्या औषधाच्या खिडकीतून माझं टेबल दिसत नाही. दुपारी जेवायला वर जाताना कागद टेबलावरच राहतात, पण ते झाडलोट करताना यल्लय्या नीट रचून ठेवतो. नेहमी अनुक्रमाने.

कादंबरीतला डॉक्टर भास्कर एका लहान गावात असतो. प्रामाणिक आहे. एक दिवस त्याच्या हातून चुकीची चिठ्ठी लिहिली जाते आणि एक बाई मरते. त्या चिठ्ठीपर्यंत तो कसा येतो, एवढीच गोष्ट. चूक अशी हवी की वाचकाला ती आपल्याच हातून झाल्यासारखी वाटावी.

३ नोव्हेंबर

यल्लय्या चिठ्ठी घेऊन आत आला. "इतका क्विनिन, डॉक्टर? आठ वर्षांची पोर आहे."

माझं वाक्य अर्ध्यावर होतं. मी म्हणालो, दहा वर्षांत एवढं कळू नये का, योग्य ते दे. तो गेला. वाक्य पुन्हा सापडलं नाही.

संध्याकाळी वाईट वाटलं. द्वारकेला सांगितलं. तिने विचारलं, "मी काय म्हणते, कोणती पोर?" मला चेहरा आठवेना. चेहरे मला नेहमी आठवतात.

२१ नोव्हेंबर

यल्लय्या आता काही विचारायला येत नाही. बरं झालं. पण तो फार हळू झाला आहे. पूर्वी खिडकीत चिठ्ठी गेली की बाटली बाहेर. आता रोगी बाकावर बसून राहतात. काही वेळा तो स्वतः बाहेर येऊन त्यांच्याशी गप्पा मारतो. वय झालं असेल. कानाला गिरणीचा भोंगा ऐकू येतो का, एकदा तपासायला हवं.

नववं प्रकरण झालं.

९ डिसेंबर

आज नोंदवही चाळली. दिवाळीपासून एकही रोगी बिघडलेला नाही. मी लक्ष कमी देतो की काय अशी मला धास्ती होती. उलट, हात बसला असावा. लिहिणं आणि वैद्यकी एकमेकांच्या आड येत नाहीत हे यावरून दिसतं.

द्वारका हल्ली दुपारचा चहा स्वतः घेऊन खाली येते. माझ्यापुढे कप ठेवते आणि खिडकीशी जाऊन यल्लय्याशी बराच वेळ बोलते. हळू आवाजात. सुंदरम्माकडून तेलुगू शिकायचं तिच्या मनात आहे असं ती पूर्वी म्हणाली होती. शिकत असेल.

९ जानेवारी १९३४

पुण्याहून संपादकांचं पत्र. शेवटची दोन प्रकरणं महिनाअखेर हवीत. लिहितात, "बाईच्या मृत्यूची वाचक वाट पाहत आहेत." वाक्य विचित्र आहे, पण त्यांना मृत्यूचं प्रकरण म्हणायचं असावं.

अकरावं प्रकरण अडलं आहे. चिठ्ठी खरी वाटत नाही. भास्कर काय लिहितो हे मी वर्णन करतो, पण त्याचा हात मला दिसत नाही.

१३ जानेवारी, शनिवार

आज सुटलं.

युक्ती साधी होती. दवाखान्याची छापील चिठ्ठी घेतली आणि भास्कर होऊन ती लिहिली. अफूचा अर्क. दहा थेंब पुरेत तिथे दोन ड्राम, म्हणजे चहाचे दोन चमचे. दिवसातून तीनदा. पाणी, बडीशेपेचा अर्क, खाली सही. हात चुकतो तेव्हा अक्षर बदलत नाही, ते नेहमीसारखंच सुवाच्य येतं. हे मला आजवर ठाऊक नव्हतं. लगेच ते प्रकरणात घातलं.

नाव तेवढं कोरं ठेवलं. बाईचं नाव सुचत नव्हतं.

तेवढ्यात एक धनगर बाई आली. नोंदवहीत तिच्यापुढे चार ओळी लिहिल्या गेल्या, यल्लय्या पुन्हा बोलेल : तानाबाई मायाप्पा. मूळ सांगोल्याकडची, सध्या मेंढरं तिऱ्ह्याच्या रानात, सीनेच्या काठाला. कोरडा खोकला, सहा रात्री झोप नाही. म्हणते, समदी मेंढरं निजत्यात, मी एकटीच राखन बसती.

तिला चिठ्ठी देऊन खिडकीकडे पाठवलं आणि दोन पानं एका बैठकीत झाली. कादंबरीतल्या बाईचं नाव आता तानाबाई.

उद्या संक्रांत, रविवार. दवाखाना बंद. प्रकरण संपवीन.

१४ जानेवारी, रविवार, सकाळ

भास्करची चिठ्ठी प्रकरणाला टाचून ठेवायची होती. कागदांत नाही. टेबलाखाली नाही.

खाली जाऊन दिलेल्या चिठ्ठ्या टोचून ठेवायची तार पाहिली. सर्वांत वरची तीच. अफूचा अर्क, दोन ड्राम, दिवसातून तीनदा. वर माझ्याच अक्षरात नाव : तानाबाई. खाली यल्लय्याची आडवी रेघ, म्हणजे औषध दिलं.

नाव विचारलं आणि हाताखाली होती त्याच चिठ्ठीवर लिहिलं.

निघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सगळं क्रमाने लिहितो.

यल्लय्याच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सगळे गड्ड्याला गेले. सिद्धेश्वराच्या जत्रेत आज माणूस सापडला नसता. टांगेवालेही सगळे तिकडेच. मी सायकल काढली. द्वारका जिन्यात उभी होती. मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती पांढरी पडली. मग म्हणाली, "यल्लय्याने दिलं? नक्की त्यानेच दिलं?" मी म्हणालो, त्याची रेघ आहे. तिचा श्वास जरा खाली बसल्यासारखा वाटला. का ते मला कळलं नाही. तिने माझ्या खिशात तिळगुळाची पुडी घातली आणि म्हणाली, "जाऊन याच. डोळ्यांनी बघून या."

तिऱ्हे सात मैल. वाटभर एकच गणित. काल दुपारी एक डोस. संध्याकाळी एक, ती संध्याकाळपर्यंत जागी असली तर. आज सकाळी एक, ती आज सकाळी असली तर. लिहायला लाज वाटते, पण ही वही त्यासाठीच आहे : देगाव मागे पडलं तेव्हा माझ्या मनात आलं की भास्करलाही असं निघायला लावायला हवं होतं. मी त्याला घरात खुर्चीवर बसवलं होतं. हे मनात आलं आणि मी आणखी जोराने पाय मारले.

पुढे बाभळीचा काटा चाकात गेला. उरलेला रस्ता सायकल हातात धरून पळालो.

नदीकाठच्या रानात लेंड्या आणि विझलेल्या चुली होत्या. मेंढरं नव्हती. बांधावर एक शेतकरी तुरीच्या काड्या गोळा करत होता. कोंडीबा त्याचं नाव.

"धनगर? ते काल सांजच्यालाच हलले. पल्याडच्या रानात बसवलीत मेंढरं. का वो?"

"त्यांच्यात एक बाई होती. खोकणारी."

"ती व्हय. तिला तर घोड्यावर घालून नेली. मान अशी लोंबत हुती."

त्याने मान लोंबवून दाखवली. पुढचा अर्धा मैल मी कसा गेलो ते आठवत नाही.

मेंढरांच्या कडेला तीन बिऱ्हाडं होती. मायाप्पा, तानाबाईचा नवरा, कोकराचा पाय बघत बसला होता. मी कोण ते सांगितलं.

"डाक्टर? आन् हितं?"

"बाई कुठे आहे?"

"ती काय, निजलीय. कालपासनं निजलीय. कुनी उठवायची न्हाय म्हनून सांगितलंय मी समद्यांस्नी."

ती घोंगडीखाली होती, तोंडावर पदर. मी गुडघ्यावर बसलो. अफू चढली की डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. मी पदर सारला आणि पापणी वर केली.

"आगं आई. कोन हाय ह्यो? डोळ्यात बोटं घालतोय."

बाहुली मोठी होती. काळी, स्वच्छ. उजेडाने हळूच आकसली, जशी आकसायला हवी. बारा वर्षांत इतका चांगला डोळा मी पाहिला नव्हता.

"तानाबाई, औषध घेतलं?"

"घेतलं की. तिन्ही टायमाला, अर्ध्या झोपंत. त्यानं कागुद चिकटवून दिलाय त्याच्या खुनंनं." तिने उशाची बाटली पुढे केली. बाटलीवर यल्लय्या डोसांसाठी कागदाची दातेरी पट्टी चिकटवतो. औषध तीन दात खाली गेलं होतं.

बूच काढून वास घेतला. ज्येष्ठमध. घोट घेतला. गोड, आणि मागून नवसागराचा खारटपणा. खोकल्याचं साधं औषध. मी पुन्हा एक घोट घेतला.

"डाक्टर," मायाप्पा म्हणाला, "तिला बी ठिवा की थोडं."

मी बाटली खाली ठेवली आणि तिथेच ढेकळांवर बसलो. कोणीतरी पितळीत शेळीचं दूध आणून दिलं.

"मग इतकी झोप कशी?" मी विचारलं.

"सा रातीची झोप राह्यली हुती," तानाबाई म्हणाली. "खोकला थांबला, झोप आली. त्यात काय इचारायचं?"

"आन् हलायचं आलं तर आमी तिला उठवलीच न्हाय," मायाप्पा म्हणाला. "घोड्यावर घातली तशीच. लई वर्सांनी गप हाय, म्हनलं असू दे."

"ऐका," तानाबाई मला म्हणाली. "असं बोलतोय ह्यो. आन् परवा रातभर कापूर हुंगवीत कोन बसलं हुतं?"

मायाप्पाने कोकराचा पाय पुन्हा हातात घेतला.

न सांगता परत येता आलं असतं. त्यांना वाटलं होतं की डॉक्टर सात मैल विचारपूस करायला आला. मी सांगितलं. काल माझ्या हातून चुकीची चिठ्ठी लिहिली गेली. त्यात जे लिहिलं होतं ते पोटात गेलं असतं तर ही उठली नसती. म्हणून आलो.

मायाप्पाने बाटली उचलून उन्हात धरली.

"पर औषद तर बरूबर हाय?"

"हो. बरोबर आहे."

"मग चुकलं कुटं?"



तानाबाईच बोलली. "त्या खिडकीतल्या बाबानं मला पुन्यांदा समदं इचारलं हुतं. भाईर आला, बाकावर बसला. खोकला वला का कोरडा, रातीचा का दिसाचा. म्या म्हनलं, आत डाक्टरला समदं सांगितलंय. तर म्हनला, मला बी सांगा की."

मी खिशातली पुडी काढली. तिळगूळ दिला. मायाप्पाने हात धोतराला पुसून घेतला. गड्ड्याला निघालेल्या एका बैलगाडीत त्याने मला आणि सायकलला बसवून दिलं.

घरी आलो तेव्हा द्वारका दारातच होती. मी 'बरी आहे' म्हणून मान हलवली. ती खाली बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

तार पुन्हा पाहिली. चिठ्ठीवर अफू, बाटलीत ज्येष्ठमध. यल्लय्याने चुकून वाचलं असेल का? माझ्या चुकीवर त्याची चूक? दोन चुका इतक्या नेमक्या जुळत नाहीत.

१५ जानेवारी, सोमवार

यल्लय्या आठ वाजता आला. तिळगूळ दिला. मी चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली.

"ही पाहिलीस?"

"पाहिली की."

"यात काय आहे?"

"ती गोष्टीतल्या बाईचा औषध आहे, डॉक्टर. ही बाई खोकत होती. तिला खोकल्याचा दिला."

तो खल पुसत राहिला.

"गोष्ट तुला कशी माहीत?"

"कागद टेबलावर असतात. झाडताना उचलायला लागतात. उचलले की दिसतात." मग थोड्या वेळाने, "पहिल्यापासून वाचलो. मासिकात पण वाचलो. सुंदरम्माला तेलुगूत सांगतो, ती मागावर धोटा टाकत ऐकते. तिला भास्कर आवडत नाही."

"आणि हे असं आधीही झालं आहे?"

त्याने फळीवरची एरंडेलाची मोठी बाटली बाजूला केली. तिच्यामागे चिठ्ठ्यांची जुडी होती, सुतळीने बांधलेली. सगळ्या माझ्या अक्षरात. सुवाच्य. आठ वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसाचं क्विनिन. एका माणसाला डोळ्याचं औषध पोटात घ्यायला. एका चिठ्ठीवर औषधच नव्हतं, फक्त 'पाऊस थांबला होता' असं लिहिलं होतं.

"याला काय दिलंस?" मी विचारलं.

"त्याला खरूज होता. गंधकाचा मलम दिलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"पहिला सांगितलो. क्विनिनचा. तुमी रागावला." त्याने खल खाली ठेवला. "मग बाई बोलल्या, त्यांना लिहू द्या. थांबवलं तर दोन्ही जाईल, दवाखाना पण आणि ते पण. तुम्ही फक्त चिठ्ठी नीट बघत जा, आणि रोज काय झालं ते मला सांगा."

"कोण बाई?"

तो बाटल्यांकडे पाहत राहिला. "आमची सुंदरम्मा."

शहाणी बाई आहे. तिला एकदा भेटून आभार मानायला हवेत.

तो खिडकीमागे गेला, आणि परत आला. "एक बोलू? राग आला तर येऊ दे. गोष्टीत तो कंपाउंडर आहे ना, रामप्पा. चिठ्ठी घेतो, न बघता बाटली भरतो, बाई मरते. असा कंपाउंडर नसतो, डॉक्टर. चिठ्ठी बघतो, मग माणूस बघतो. तुमचा सगळा गोष्ट तिथे खोटा होतो."

खिडकीवर कोणीतरी टिचकी मारली. तो गेला.

१६ जानेवारी

दवाखान्यात बसलो. प्रत्येक चिठ्ठी लिहिली आणि स्वतः खिडकीपर्यंत नेली. यल्लय्या ती वाचे आणि मान हलवी. बारा वर्षांत पहिल्यांदा मला परीक्षेला बसल्यासारखं वाटलं, आणि वाईट वाटलं नाही.

दुपारी एक माणूस पोटदुखी सांगत होता. मी ऐकत होतो. मधेच माझ्या ध्यानात आलं की मी त्याचं पोट ऐकत नाही, तो ज्या तऱ्हेने सांगतो ते ऐकतो आहे. पोट मी दाबून पाहिलं, औषध दिलं, ते बरोबर होतं. पण मला कळलं. हे आज सुरू झालेलं नाही. कदाचित कधीच वेगळं नव्हतं.

संध्याकाळी द्वारकेला जुडी दाखवली. ती शिवत होती. तिने एकेक चिठ्ठी पाहिली. दचकली नाही. 'पाऊस थांबला होता' पाशी हसली.

मी म्हणालो, "सुंदरम्माचं डोकं बघ कसं चालतं."

"हो ना," ती म्हणाली. "फार चांगली आहे ती."

"दवाखाना बंद करावा असं मनात आहे."

तिने दोरा दातांनी तोडला. "यल्लय्याला ठेवून घेतील ना नवे डॉक्टर?"

नव्या डॉक्टरविषयी मी अजून काही बोललोच नव्हतो.

मग म्हणाली, "अकलूजकडचे एक आहेत म्हणे. मानसिंग नाव. नुकतेच पास झालेत. मोठ्या गावात जागा बघताहेत." हे तिला कुठून कळलं, विचारलं तर म्हणाली, बायका बोलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी : रात्री सलग झोपलो.

३० जानेवारी

अकरावं प्रकरण फाडलं. रामप्पा दोन ओळींचा माणूस होता, आता सबंध प्रकरण त्याचं आहे. तो चिठ्ठी घेतो. वाचतो. खिडकीतून बाईकडे पाहतो. बाहेर येऊन बाकावर बसतो. एवढंच घडतं. भास्कर आत बसलेला आहे आणि त्याला काहीच ठाऊक नाही.

बाई मरत नाही.

यल्लय्याला वाचायला दिलं, या वेळी हातात. दुपारभर त्याने ते खिडकीत ठेवलं होतं. परत देताना म्हणाला, "बाकावर बसतो तेव्हा आधी बाटली खाली ठेवायला पाहिजे. हातात बाटली घेऊन कोणी बोलत नाही."

बाटली खाली ठेवली.

१२ फेब्रुवारी

संपादकांचं पत्र. शेवट निराशाजनक आहे, म्हणतात. पहिल्या प्रकरणापासून बाई मरणार असं वाटत राहिलं आणि ती खोकत खोकत घरी गेली. वाचक फसवणूक समजतील. मूळ बेत कायम ठेवावा.

मी एका ओळीत कळवलं की बाई बरी आहे, मी स्वतः जाऊन पाहिली.

२ मार्च

त्यांनी छापायचं कबूल केलं. पुढच्या कादंबरीविषयीही विचारलं आहे, आणि या वेळी माझ्या खऱ्या नावाने.

२ एप्रिल

दवाखाना डॉ. मानसिंगच्या हवाली केला. सव्वीस वर्षांचा मुलगा, फार नीटनेटका, थोडा घाबरलेला. नोंदवही त्याने पहिल्या पानापासून वाचली. म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या नोंदी फार उपयोगी आहेत. माणूस समोर उभा राहतो." यल्लय्या खिडकीमागे खोकला. त्याची छाती आता चांगली आहे, त्यामुळे तो खोकला छातीचा नसावा.

स्टेथोस्कोप वर आणला. द्वारकेने विचारलं, कुठे ठेवू. मी म्हणालो, हाताशी नको, डोळ्यांसमोर असू दे. तिने तो लिहायच्या टेबलामागे खिळ्याला टांगला.

सकाळी आठला गिरणीचा भोंगा झाला. सवयीने उठून जिन्यापर्यंत गेलो. खालून रोग्यांचे आवाज येत होते. परत येऊन बसलो आणि लिहू लागलो. हाताखाली फक्त कागद होता.

९ जुलै

तीन दिवस ताप. द्वारका म्हणाली, खाली दाखवा. स्वतःच्या जुन्या दवाखान्यात रोग्यांच्या ओळीत बसलो. माझ्यामागे एक म्हातारी होती. ती म्हणाली, हा डॉक्टर बरा, आधीचा नुसता तोंडाकडं बघत बसायचा.

मानसिंगने तपासलं. हात स्वच्छ, प्रश्न थोडे. चिठ्ठी लिहिली. मी ती पाहिली नाही. माझं काम नव्हे.

खिडकीत दिली. यल्लय्याने वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बाटली खाली ठेवली, दार उघडून बाहेर आला आणि बाकावर माझ्या शेजारी बसला.

"ताप सकाळी येतो का संध्याकाळी?"

"आत सगळं सांगितलंय."

"मला पण सांगा की."

मी सरकून त्याला जागा दिली आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.